रस्ते काँक्रीटचे होताहेत. शहराची स्वतःची फायबर लाईन आत्ताच टाकून घ्यावी का?

नदीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, आमचं शहर ड वर्ग, म्हणजे सगळ्यात लहान गटातल्या महापालिकेचं. यंदा मुख्य रस्ते आणि पेठांमधले बरेच बोळ काँक्रीटचे करायला घेतलेत. एकदा काँक्रीट पडलं की पुढची पंचवीसेक वर्षं ते कोणी फोडू देणार नाही, देऊही नये. म्हणून प्रश्न आत्ताच विचारतो. रस्ता उघडा आहे तोवर महापालिकेने स्वतःच्या मालकीचे डक्ट (केबल ओढायच्या नळ्या) आणि ऑप्टिकल फायबर (माहिती वाहून नेणारी काचेची तार) टाकून घ्यावं का?

घरोघरी इंटरनेट विकावं असं माझं म्हणणं नाही. मी बोलतोय ते महापालिकेच्या स्वतःच्या कामांबद्दल: शाळा, दवाखाने, प्रभाग कार्यालयं, पाण्याच्या टाक्या, पंपिंग स्टेशन, मैलाशुद्धीकरण केंद्र, अग्निशमन दल, चौकातले सिग्नल. आज यातल्या प्रत्येकाची जोडणी वेगळ्या खात्याने, वेगळ्या कंपनीकडून, वेगळ्या दराने भाड्याने घेतलेली आहे. कुठे लीज्ड लाईन, कुठे साधं ब्रॉडबँड, कुठे नुसतं सिमकार्ड. कोणाचं बिल कुठल्या टेबलावर अडकलंय हे लाईन बंद पडल्यावर कळतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जलवाहिनी शहराच्या मालकीची असते तशी दवाखाना आणि सिग्नल ज्या तारेवर चालतात ती तारही शहराच्या मालकीची असावी. पण मत असणं वेगळं आणि महापालिकेला लेखी सूचना देणं वेगळं. ज्यांनी असं काही चाललेलं किंवा बुडालेलं पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. उलट बाजूचंही हवंय.

तिखट_मीठ

चांगला विषय. पण आधी ते काँक्रीट सरळ पडू दे, मग तारेचं बघू. :) वाचतोय.

हिशेबनीस

एका महापालिकेच्या लेखा विभागात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे उलट बाजू मी मांडतो.

तार टाकायला पैसे मिळतील. केंद्राची योजना, राज्याची योजना, वित्त आयोग, कुठून तरी मिळतात. भांडवली खर्चाचं उद्घाटन करता येतं. देखभालीचं करता येत नाही, म्हणून तिसऱ्या वर्षी अंदाजपत्रकात देखभालीची तरतूद पहिली कापली जाते. कारंजी, पथदिव्यांचे टायमर, सौर पॅनल, सगळ्यांचं हेच झालेलं मी बघितलंय. फायबर तुटलं तर चार तासांत जोडायला माणूस, गाडी, मशीन आणि सुटी केबल लागते. महापालिकेच्या आस्थापनेवर असं पदच नाही. विद्युत विभागातला कनिष्ठ अभियंता पथदिवे सांभाळून हे करणार का?

दुसरं, भाड्याची लाईन तुटली की कंपनीला दंड लावता येतो. स्वतःची तुटली तर कोणाला लावणार?

विरोध नाही. पण टाकण्याच्या खर्चाच्या शेजारी दहा वर्षांच्या देखभालीचा आकडा लिहिलेला नसेल, तर मी त्या प्रस्तावावर सही करणार नाही.

उत्तरवारा

नदीकाठ, मी बरीच वर्षं स्टॉकहोममध्ये आहे. तुम्ही जे विचारताय ते या शहराने १९९४ पासून केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

स्वीडनने १९९३ च्या सुमाराला दूरसंचार खुलं केलं. बऱ्याच कंपन्या येणार आणि प्रत्येक जण आपापला चर खणणार हे दिसतच होतं. शहराने 'स्टोकाब' नावाची स्वतःची कंपनी काढली आणि तिला एकच काम दिलं: जमिनीखाली फायबर टाकायचं आणि ते भाड्याने द्यायचं. भाड्याने म्हणजे डार्क फायबर, नुसती काच. दोन्ही टोकांना कुठलं यंत्र लावायचं, त्यावरून काय पाठवायचं, हे भाडेकरूने ठरवायचं. स्टोकाब घराघरात इंटरनेट विकत नाही. सगळ्यांना अटी सारख्या. आज शंभरावर कंपन्या तिच्या भाडेकरू आहेत, आणि शहराच्या शाळा, दवाखाने, कार्यालयंही त्याच जाळ्यावर आहेत.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वाढण्याची पद्धत. एका दमात सगळं शहर खणलं नाही. कर्ज काढून सुरुवात केली, मोठे ग्राहक आणि शहराची स्वतःची ठिकाणं जोडली, आणि भाडं येत गेलं तशी पुढची गल्ली घेतली. करदात्यांच्या पैशातून दरवर्षी भर घालावी लागली नाही. पुढे महापालिकेच्या गृहनिर्माण कंपन्यांच्या इमारतीही जोडल्या गेल्या. डिसेंबर २००९ मध्ये जगातली पहिली व्यावसायिक ४जी सेवा स्टॉकहोम आणि ऑस्लोमध्ये सुरू झाली. टॉवरला शेवटी जमिनीतलं फायबरच लागतं. ते जिथे तयार असतं तिथे पुढचं काम लवकर होतं.

हिशेबनीसांचा मुद्दा इथेही लागू आहे. फरक एवढाच की स्टोकाब हे वेगळ्या हिशेबाचं, वेगळ्या नोकरवर्गाचं घर आहे. महापालिकेच्या एखाद्या खात्याचं ते कोपऱ्यातलं टेबल नाही.

मास्तरीण_बाई

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. यूडायसवर शाळेची माहिती भरणं, शालार्थवरची पगारबिलं, पोषण आहाराची रोजची नोंद, सगळं ऑनलाईन. हे बहुतेक ठिकाणी शिक्षकांच्या स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं. डिजिटल वर्गखोलीतला पडदा चांगला आहे, पण त्यावर दाखवायचा व्हिडिओ आदल्या रात्री घरी उतरवून पेनड्राईव्हवर न्यावा लागतो. एका वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकदम एखादा प्रयोग उघडून पाहिलाय असं आमच्याकडे घडतच नाही.

त्यामुळे नदीकाठ, माझा होकार. मात्र एक विनंती आहे. तार शाळेच्या भिंतीपर्यंत आणून सोडू नका. वर्गांपर्यंत वायरिंग, वायफायचा डबा आणि त्याला चालू वीज, एवढं सगळं त्याच कामात धरा. वीजबिल थकून मीटर काढून नेलेल्या शाळा राज्यात आहेत. तिथे फायबर नेऊन काय करायचं? आणि बिघडलं तर कोणाला फोन करायचा तो नंबर मुख्याध्यापकांच्या टेबलावर चिकटवलेला पाहिजे.

तिखट_मीठ

बाईंच्या शेवटच्या वाक्याला शंभर गुण.

जोडणीवाला

मी फायबर जोडतो, म्हणजे स्प्लायसिंग करतो. आधी एका कंपनीत, आता स्वतःची मशीन आणि दोन पोरं घेऊन कंत्राटावर. मराठी टायपायची सवय नाही, समजून घ्या. इथली चर्चा बघून राहवलं नाही.

पहिली गोष्ट, पैसा कुठे जातो. केबल स्वस्त आहे, खोदाई महाग आहे. २४ कोरची (कोर म्हणजे केबलमधला काचेचा एक धागा) केबल आणि ९६ कोरची केबल यांच्या किमतीतला फरक हा चर खणून बुजवण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. तरी टेंडरात २४ लिहितात. दोन वर्षांनी कोर संपतात आणि पुन्हा खोदायला येतात. रस्ता उघडा असेल तर एकच नळी टाकू नका. एचडीपीईच्या (जाड प्लास्टिकच्या) दोन-तीन नळ्या टाका, त्यातली एक रिकामी ठेवा, आतून दोरी ओढून तोंडं टोपणाने बंद करा. टोपण नसलं की पहिल्या पावसात गाळ भरतो आणि मग ती नळी फक्त नकाशावर राहते.

दुसरी, खोली. सरकारी कामात कागदावर १.६५ मीटर खोल चर असतो. जागेवर खडक लागला की कमी होतो, बिल मात्र पूर्ण खोलीचं. चर बुजवण्याआधी दर काही मीटरला टेप धरून फोटो आणि जीपीएस घेतल्याशिवाय बिल द्यायचं नाही, एवढं एक कलम घातलं तर निम्मे जेसीबीचे कट वाचतील. जेसीबीवाला मुद्दाम तोडत नाही. त्याला सांगितलेलं असतं खाली दीड मीटरवर आहे, आणि ती निघते हातभर खाली.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, रिंग. दवाखान्याला दोन बाजूंनी लाईन द्यायची, एक तुटली तर दुसरीवरून चालू राहील, ही रिंग. ड्रॉइंगवर गोल दिसतो. जागेवर जाऊन बघा, जाणारी आणि येणारी केबल एकाच चरात, कधी एकाच नळीत. जेसीबीच्या एका बकेटमध्ये दोन्ही जातात. पुलावर तर हमखास, कारण पूल एकच असतो. स्वतःचं जाळं बांधताय तर दोन रस्ते खरोखर वेगळे आहेत का हे कोणीतरी चालत जाऊन बघा.

चौथी, नकाशा. रात्री दोनला फोन येतो, सिग्नल बंद. ओटीडीआर लावला की ते यंत्र सांगतं, इथून ३.४ किलोमीटरवर तुटलंय. ते केबलचं अंतर असतं, रस्त्याचं नाही. मधे किती चेंबरमध्ये किती मीटर केबल गुंडाळून ठेवलीय हे लिहिलेलं नसेल तर तो तुटलेला जागा शोधायला पहाट होते. जोडायला तासभर पुरतो. शोधायलाच वेळ जातो. हा नकाशा टाकणाऱ्याकडे राहतो, कंत्राट संपलं की तोही जातो. महापालिकेने काही विकत घ्यायचं असेल तर आधी तो नकाशा घ्यावा.

हिशेबनीस साहेबांना: माणसं मिळतात साहेब. आम्ही आहोत की. पण बिल वेळेवर निघत नाही म्हणून चांगले लोक महापालिकेचं काम घेत नाहीत.

नदीकाठ

जोडणीवाले, यासाठीच धागा काढला होता. चरातला फोटो आणि जीपीएस, रिकामी नळी, रिंगची प्रत्यक्ष पाहणी, तिन्ही मुद्दे मी सूचनेत घेतोय.

पेठेतला

अवांतर प्रश्न: उंदरांचं काय? आमच्या इमारतीत येणारी केबल त्यांनी किती वेळा कुरतडली याची गणती नाही.

जोडणीवाला

@पेठेतला, उंदीर आहेच. घूस तर नळीसुद्धा खाते. उपाय म्हणजे आर्मर्ड केबल, आत पत्र्याचं आवरण असतं. आणि चेंबरमध्ये येणारी नळीची तोंडं नीट बंद करायची. इमारतीत शिरताना जीआय (लोखंडी) पाइपातून घ्या.

पेठेतला

धन्यवाद. आमच्या पेठेतले उंदीर पत्राही शिकतील, पण प्रयत्न करू. :)

टाकीवाले_साहेब

पाणीपुरवठ्यात काम केलंय, थोडा वेगळा सूर लावतो. टाकीची पातळी, पाण्याचा दाब, क्लोरीनचं प्रमाण, व्हॉल्व्ह उघडा की बंद, ही माहिती म्हणजे दर मिनिटाला दोन-चार आकडे. त्याला फायबर लागत नाही, साधं सिमकार्ड पुरतं आणि स्वस्त पडतं. टेकडीवरच्या एका टाकीसाठी दोन किलोमीटर चर खणणं मला पटत नाही.

फायबर लागतं ते जिथे चित्र आहे तिथे. कॅमेरे, सिटी स्कॅन, एक्स-रे. एका सिटी स्कॅनचा डेटा काहीशे एमबीचा असतो. रेडिओलॉजिस्ट दुसऱ्या दवाखान्यात बसला असेल तर तिथे जाड लाईन हवी. सगळ्याला एकच औषध देऊ नका, एवढंच.

वाशिष्ठीकाठ

टाकीवाले साहेब, तुमचं कोरड्या दिवसांसाठी बरोबर आहे. मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि पहिल्या मजल्यापर्यंत गेलं. वीज गेली, आणि मोबाईलही गेले. टॉवर उभे होते, पण त्यांच्या बॅटऱ्या काही तासच चालतात, डिझेल घेऊन जायला रस्ता नव्हता. बाहेरगावच्या नातेवाईकांना आम्ही जिवंत आहोत हे कळायला दीड दिवस लागला. मदत पथकांना कुठल्या आळीत किती माणसं माडीवर अडकलीत हे सांगायला साधन नव्हतं. नगरपरिषद, दवाखाना, तहसील, पोलीस ठाणं, यांचं एकमेकांशी बोलणंही नीट होत नव्हतं.

फायबर असतं तर सगळं वाचलं असतं असं मला म्हणायचं नाही. पण कंट्रोल रूमला सिमकार्डावर ठेवू नका, इतकं मी आवर्जून सांगेन.

जोडणीवाला

ताईंच्या मुद्द्याला जोडून. जीपॉन पद्धतीत, म्हणजे एका फायबरला फाटे काढून बऱ्याच ठिकाणी जोडणी देतात त्यात, मधल्या वाटेवर विजेचं काहीच नसतं. फाटे काढणारा स्प्लिटर म्हणजे काचेचाच तुकडा, त्याला करंट लागत नाही. वीज दोन टोकांना. म्हणून मुख्य केंद्र आणि दवाखाना, दोन्हीकडे बॅटरी उंचावर ठेवली तर मधला सगळा रस्ता पाण्याखाली असला तरी लाईन चालते. जॉइंटचा डबा नीट सील केलेला पाहिजे. आणि यंत्रं तळघरात ठेवायची नाहीत. किती ठिकाणी सर्व्हर रूम तळघरात असते बघा.

टाकीवाले_साहेब

वाशिष्ठीकाठ, मुद्दा मान्य. पंपिंग स्टेशन आणि कंट्रोल रूम फायबरवर घ्या, टेकडीवरच्या टाक्या सिमवर राहू द्या.

टेनेसीकर

मी अमेरिकेत, टेनेसीतल्या चॅटनूगा शहरापासून तासाभरावर राहतो, त्यामुळे ते उदाहरण आणणं माझं कामच. तिथली वीज कंपनी ईपीबी शहराच्या मालकीची आहे, १९३५ पासूनची. तिला स्वतःच्या विजेच्या जाळ्यासाठी फायबर हवं होतं: खांबांवरचे स्विच एकमेकांशी बोलले पाहिजेत, झाड पडून एक तार तुटली तर बाकीच्या भागाला दुसरीकडून वीज वळवता आली पाहिजे. २००९ च्या मंदीनंतर केंद्राकडून सुमारे ११.१ कोटी डॉलरचं अनुदान मिळालं आणि काम वेगाने झालं. २०१० मध्ये त्यांनी सगळ्या ग्राहकांना गिगाबिट इंटरनेट देऊ केलं, तेव्हा अमेरिकेत असं कुठे नव्हतं.

नदीकाठ, इथे तुमच्याशी असहमत आहे. तुम्ही म्हणता घरोघरी विकू नका. चॅटनूगाने विकलं म्हणूनच कर्ज फिटलं आणि विजेचं जाळंही सुधारलं. शिवाय २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा शहर, जिल्हा आणि ईपीबीने मिळून गरीब घरातल्या विद्यार्थ्यांना घरी मोफत इंटरनेट दिलं. तार घरापर्यंत गेलेली नसती तर हे जमलं नसतं. मास्तरीण बाईंच्या शाळेतली मुलं संध्याकाळी घरीच जाणार ना?

विरोधही भरपूर झाला, हे सांगायला हवं. खासगी केबल कंपनीने सुरू होण्याआधीच कोर्टात खेचलं. राज्याचा कायदा ईपीबीला आपल्या वीजक्षेत्राबाहेर इंटरनेट विकू देत नाही. केंद्रीय दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये ती बंदी उठवायचा प्रयत्न केला, २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला. शेजारच्या खेड्यांतले लोक मागतात आणि ईपीबी देऊ शकत नाही.

गिरगावकर_आजोबा

टेनेसीकर, तुमचं उदाहरण छान आहे, पण त्यांच्याकडे वीज कंपनीच शहराची होती. आपल्याकडे बहुतेक शहरांत खांब महावितरणचे. महापालिकेच्या स्वतःच्या वीज उपक्रमाचं उदाहरण म्हणजे मुंबईतली बेस्ट. १९४७ पासून महापालिकेची, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज देते, बसही तिचीच. जमिनीखालच्या केबल आहेत, उपकेंद्रं आहेत, आगार आहेत, रात्री-अपरात्री दुरुस्तीला जाणारी माणसं आहेत. हिशेबनीस ज्या माणसांबद्दल विचारतात ती बेस्टकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बेस्टची आजची आर्थिक अवस्था पाहून जीव तुटतो. चॅटनूगासारखं काही महाराष्ट्रात कोणाला करता आलं असतं तर बेस्टलाच.

हिशेबनीस

टेनेसीकर, यशाची गोष्ट सांगितलीत, आता अमेरिकेतल्याच युटा राज्यातल्या प्रोव्हो शहराची ऐका. त्या शहराने २००४ च्या आसपास सुमारे ३.९ कोटी डॉलरचे रोखे काढून घराघरापर्यंत फायबर नेलं. राज्याच्या कायद्याने शहराला थेट ग्राहकाला विकायला बंदी होती, म्हणून घाऊक धोरण: तार शहराची, सेवा खासगी कंपन्यांची. म्हणजे उत्तरवारांच्या स्टॉकहोमचंच तत्त्व. पण ग्राहक पुरेसे आले नाहीत, हप्ते भागेनात. एकदा विकलं, ते फसलं, परत अंगावर आलं. शेवटी २०१३ मध्ये गूगलला एका डॉलरला दिलं. जाळं गूगलचं झालं आणि रोख्यांचे हप्ते शहरातले लोक वीजबिलाबरोबर भरत राहिले.

म्हणून 'घाऊक ठेवा म्हणजे सुरक्षित' यावर माझा विश्वास नाही.

उत्तरवारा

@हिशेबनीस, प्रोव्होचा दाखला योग्यच आहे, पण दोन्हींना घाऊक म्हटलं तरी रचना वेगळी आहे. स्टोकाबने नुसती काच भाड्याने दिली आणि सुरुवात केली ती बँका, दूरध्वनी कंपन्या, सरकारी कार्यालयं अशा मोठ्या भाडेकरूंपासून. प्रोव्होने पहिल्यापासून प्रत्येक घराच्या भिंतीपर्यंत तार नेली, यंत्रंही शहराने घेतली, आणि भाडेकरू मिळायच्या आधी सगळं कर्ज काढलं. घराची शेवटची शंभर फूट तार सगळ्यात महाग असते आणि तिथून महिन्याला थोडेच पैसे येतात. यंत्रं दहा वर्षांत जुनी होतात, काच होत नाही.

त्यामुळे नदीकाठ म्हणतात ते 'आधी सार्वजनिक सेवा' मला पटतं. तिथे ग्राहक ठरलेला आहे, तो म्हणजे महापालिका स्वतः. ती आज जे भाडं भरते तेच पहिलं उत्पन्न.

वऱ्हाडी_ठेचा

नागपूरकर आहे. आमच्याइथं हे झालंय. 'सेफ अँड स्मार्ट सिटी'मध्ये सुमारे १,२०० किलोमीटर फायबर टाकलं, सातशेच्या आसपास चौकांत साडेतीन हजारांवर कॅमेरे. कामाचा आदेश २०१६ चा, खर्च ५२० कोटींचा. कॅमेऱ्यांचा पोलिसांना उपयोग होतो, नाही असं नाही. पण त्याच वर्षांत मेट्रो, उड्डाणपूल, सिमेंट रोड, सगळं एकदम सुरू होतं. एका खात्यानं टाकायचं आणि दुसऱ्यानं खोदायचं, असं किती दिवस चाललं. तार तुटली की कॅमेरे आंधळे.

माझा सवाल हा की एवढी तार शहरभर गेली, तर तिच्यावर शाळा-दवाखाने किती आले? पहिल्या दिवशी टेंडर कॅमेऱ्याचं असलं की तार कॅमेऱ्याचीच होऊन जाते. नदीकाठभाऊ, तुमच्या सूचनेत शाळा नि दवाखान्यांची यादी पहिल्या पानावर टाका, नाहीतर शेवटी चौकाचौकात कॅमेरेच लागतील.

मांडवी

गोव्यात सरकारी कार्यालयं पंचायतीपर्यंत जोडणारं गोवा ब्रॉडबँड नेटवर्क आहे, पण ते खासगी कंपनीने बांधायचं, चालवायचं आणि सरकारने पैसे मोजत राहायचं या पद्धतीचं. जोडणी वेळेत मिळते, मालकी आपली होत नाही. केरळने उलट केलं. २०१७ मध्ये इंटरनेट हा नागरिकांचा हक्क म्हणून जाहीर केला आणि राज्य वीज मंडळाच्या खांबांवरून केफॉनची (राज्याच्या स्वतःच्या फायबर जाळ्याची) तार नेली. ५ जून २०२३ ला उद्घाटन. लक्ष्य ३०,००० सरकारी कार्यालयं आणि २० लाख गरीब कुटुंबं. पहिल्या टप्प्यात प्रत्येक मतदारसंघात शंभर याप्रमाणे १४,००० कुटुंबं घेतली. लक्ष्य आणि सुरुवात यातलं अंतर मोठं आहे, पण खांब आपले असले की खोदाईच वाचते, हा धडा घेण्यासारखा.

कलम_आणि_पोटकलम

वकिली चष्म्यातून दोन गोष्टी, कारण त्या अजून कोणी मांडल्या नाहीत.

पहिली. रस्ता खोदायला येणाऱ्या कंपन्यांकडून महापालिका हवं ते भाडं घेऊ शकते असा समज आहे. २०१६ च्या राइट ऑफ वे (केबलसाठी रस्ता वापरायच्या परवानगीच्या) नियमांनुसार अर्जाचं शुल्क किलोमीटरला जास्तीत जास्त हजार रुपये, आणि वर रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च. साठ दिवसांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, त्यांचाही रोख परवानगी सोपी करण्याकडेच आहे. म्हणजे रस्ता देऊन उत्पन्न नाही, खड्डे मात्र आपल्याकडे. पण महापालिकेचं स्वतःचं तयार डक्ट असेल तर ते ठरवलेल्या भाड्याने देता येतं, आणि कंपनीलाही खोदाईपेक्षा ते परवडतं. सामायिक डक्ट आणि केबल कॉरिडॉर यांची तरतूद खुद्द २०२३ च्या कायद्यात आहे.

दुसरी. डक्ट किंवा डार्क फायबर इतरांना भाड्याने द्यायचं तर आजवर दूरसंचार विभागाची आयपी-१ (पायाभूत सुविधा पुरवठादार) नोंदणी लागत आली आहे आणि ती कंपनीला मिळते. महापालिकेने त्यासाठी स्वतःची कंपनी काढावी लागेल. इंटरनेट विकायचं तर परवाना वेगळा, जबाबदाऱ्या वेगळ्या. टेनेसीकरांच्या मार्गाला आपल्याकडे हा पहिला उंबरठा आहे.

हिशेबनीस

वरच्या प्रतिसादाने माझी भूमिका थोडी हलली. डक्टचं भाडं हे देखभालीसाठीच, वेगळ्या खात्यात, असा ठराव महासभेने केला तर तिसऱ्या वर्षी तरतूद कापायची भीती राहत नाही. तेवढं लिहिलेलं असेल तर सही करायला मी तयार.

मास्तरीण_बाई

हिशेबनीस साहेब हलले म्हणजे धागा सार्थकी लागला. :)

नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. टेनेसीकर, संध्याकाळी घरी जाणाऱ्या मुलांचा तुमचा प्रश्न मला सोडत नाही आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. सध्या एवढंच सुचतं की पहिल्या टप्प्यात प्रत्येक प्रभागातलं वाचनालय आणि अभ्यासिका जोडायची आणि ती रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवायची. घरापर्यंत जायचं की नाही हे पुढे ठरवता येईल, पण रिकामी नळी आज टाकली नाही तर तेव्हा ठरवायला काही उरणारच नाही.

सूचनेचा मसुदा असा करतोय. काँक्रीटच्या प्रत्येक रस्त्याच्या अंदाजपत्रकात किमान तीन नळ्या आणि चेंबर धरावेत. ज्या रस्त्यांवर दवाखाना, शाळा, पंपिंग स्टेशन किंवा अग्निशमन केंद्र आहे तिथे ९६ कोरची केबल लगेच टाकावी. दोन मुख्य दवाखाने आणि आपत्ती कक्ष यांना खरोखर वेगळ्या दोन रस्त्यांनी जोडावं. चर बुजवण्याआधीचे फोटो आणि नकाशा महापालिकेच्या ताब्यात आल्याशिवाय बिल निघू नये. भाड्याचं उत्पन्न देखभालीच्या स्वतंत्र खात्यात. आणि वऱ्हाडी_ठेचा म्हणतात तसं, ठिकाणांची यादी पहिल्या पानावर. आज सगळी खाती मिळून जोडण्यांचं भाडं किती भरतात, तो आकडा माहिती अधिकारात मागितलाय. आला की इथे टाकतो.

जोडणीवाला

मसुदा चांगला आहे. एक भर घाला. चेंबरचं झाकण काँक्रीटच्या पातळीला ठेवा आणि ते फुटपाथच्या बाजूला घ्या, रस्त्याच्या मधे नको. मधे असलं की पुढच्या थरात ते डांबराखाली किंवा काँक्रीटखाली गाडलं जातं, मग आम्ही लोखंड शोधायचं यंत्र घेऊन रस्त्यावर फिरतो.

टेनेसीकर

अभ्यासिकेची कल्पना आवडली. घरापर्यंतच्या तारेसाठी मी भांडत राहणार, पण पुढच्या धाग्यात.

वाशिष्ठीकाठ

नदीकाठ, आपत्ती कक्षाच्या ओळीत 'तळमजल्यावर नको' हे शब्दही घाला. बॅटरी आणि यंत्रं पूररेषेच्या वर, असं स्पष्ट लिहा. लिहिलं नाही तर कोणीतरी सोयीचं म्हणून खालीच ठेवेल.

नदीकाठ

दोन्ही घातलं. 'पूररेषेच्या वर किमान एक मजला' असं लिहितोय. पूररेषेचा नकाशा कोणाकडून मागायचा, पाटबंधारे की नगररचना? माहीत असलेल्यांनी सांगा, सोमवारी अर्ज द्यायचा आहे.

टाकीवाले_साहेब

निळी आणि लाल पूररेषा पाटबंधारे खातं आखतं, विकास आराखड्यावर ती नगररचनेकडे दाखवलेली असते. दोन्हीकडे अर्ज द्या, आधी जी मिळेल ती जोडा.